राग येतो, राग जातो: लहान मुलांना भावना ओळखायला शिकवताना

संध्याकाळचे साडेसहा. सोसायटीची लिफ्ट. बाबांच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताला धरलेले साडेतीन वर्षांचे चिरंजीव. सवयीने बाबांनी चौथ्या मजल्याचं बटण दाबलं आणि चिरंजीवांनी लिफ्टमध्येच लोळण घेतली. ‘मी दाबणार होतो!’ लिफ्ट परत खाली नेली, बटण परत दाबू दिलं, तरी उपयोग नाही. ते बटण गेलं ते गेलंच. सोबतच्या काकू म्हणतात, ‘अगंबाई, एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ बाबांचे कान लाल. मग एकतर ‘गप्प बस, नाहीतर इथेच ठेवून जाईन’, नाहीतर ‘थांब, वर गेल्यावर मोबाईल देतो’.

दोन्ही उपाय लागू पडतात. त्या दिवसापुरते. दुसऱ्या दिवशी बटणाच्या जागी चपलेचा बंद असतो, किंवा पोळीचा तुकडा मधोमध मोडला गेलेला असतो.

मी चौदा वर्षं बालवाडीत शिकवते आहे. दोन ते सहा वर्षांच्या मुलांचं भोकाड, रुसवेफुगवे, चावणं आणि ढकलणं रोजचं. हा लेख ज्यांच्या घरात पहिलंच मूल आहे, किंवा जे नव्यानेच बालवाडीत रुजू झाले आहेत, त्यांच्यासाठी. यातल्या निम्म्या गोष्टी मी आधी उलट्या करून पाहिल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द भारदस्त आहे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती सगळीकडे पोचली. आता तिचे क्लासही निघालेत, वर्षाची फी एकरकमी. लहान मुलापुरतं बोलायचं तर मामला चार गोष्टींचा आहे. आपल्याला काय होतंय ते ओळखणं, ते सांगता येणं, त्यातून सावरणं, आणि समोरच्यालाही आतून काहीतरी होत असतं हे उमगणं. साधारण याच क्रमाने. आपण घरोघरी नेमकी शेवटून सुरुवात करतो: ‘तू चावलास, बाळाला किती दुखलं असेल, विचार कर!’ दोन वर्षांच्या मुलाला हे म्हणणं म्हणजे अंगणवाडीत बीजगणित.

का, ते घरी करून बघता येतं. झाकणाचे दोन डबे घ्या, एक निळा, एक लाल. बाबांच्या देखत लाडू निळ्या डब्यात ठेवा. बाबा खोलीबाहेर जातात. आता मुलासमोर लाडू लाल डब्यात हलवा आणि विचारा, ‘बाबा आल्यावर लाडू कुठल्या डब्यात शोधतील?’ तीन वर्षांचं मूल बहुधा ठामपणे सांगेल, लाल. लाडू लाल डब्यात आहे हे त्याला माहीत आहे, म्हणजे ते सगळ्या जगाला माहीत आहे! चार-पाच वर्षांचं मूल मात्र गालात हसून म्हणतं, निळ्या. हाईन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये चॉकलेट आणि दोन कपाटं घेऊन हाच खेळ केला होता. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उलगडतं. त्याआधी मूल निर्दयी नसतं. रडणाऱ्या बाळाला ते स्वतःची चिंधीची बाहुली नेऊन देतंच. पण तुमचं भाषण त्याला कळत नाही.

आणखी एक. स्वतःला आवरण्याचं काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो, तो पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. तुमच्या तीन वर्षांच्या मुलाला अजून वीसेक वर्षं आहेत. घाई नको.

पायरी १: ‘तू रागीट आहेस’ आणि ‘तुला राग आलाय’

एकच पायरी करणार असाल तर ही करा.

आपल्या भाषेने एक काम फार सुंदर करून ठेवलंय. मराठीत राग येतो. रडू येतं, कंटाळा येतो. भीती वाटते, हेवा वाटतो. माणूस ‘राग असतो’ असं कुणी म्हणत नाही. राग बाहेरून येतो, पाहुण्यासारखा बसतो आणि उठून जातो. मुलाला शिकवायचं ते नेमकं हेच, आणि ते वाक्यरचनेतच आहे. ‘राग आलाय ना तुला? खूप मोठा आलाय. बसू दे त्याला जरा, जाईल तो.’

मात्र हीच मराठी माणसं पुढच्या वाक्यात पाहुण्यालाच घराचा मालक करून टाकतात. ‘हा फार रागीट आहे हो.’ ‘आमची रडूबाई.’ ‘भित्रा आहे, पाण्याजवळ जात नाही.’ ‘हट्टी तर इतका, आजोबांवर गेलाय.’ मुलाच्या देखत, पाहुण्यांसमोर, कौतुकाने. पाच वर्षांचं मूल हे ऐकतं आणि खरं मानतं. आमच्या वर्गातला एक मुलगा पहिल्याच दिवशी माझ्यासमोर येऊन म्हणाला, ‘ताई, मी मारकुटा आहे.’ चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. नाव सांगावं तसं त्याने सांगितलं.

तेव्हा पहिल्या आठवड्याचा अभ्यास मुलाला नाही, तुम्हाला. रागीट, रडका, भित्रा, हट्टी, लाजाळू, मस्तीखोर हे शब्द तोंडात आले की गिळायचे आणि त्याजागी ‘आलाय’ किंवा ‘वाटतंय’ लावून वाक्य म्हणायचं. ‘ही लाजाळू आहे’ ऐवजी ‘तिला नवीन माणसांसमोर जरा लाज वाटते, थोड्या वेळाने बोलेल.’ दिवसातून किती वेळा अडखळता ते मोजा. मी पहिल्या दिवशी अकरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

पायरी २: शब्द पुरवा

बहुतेक मुलांकडे पहिल्यांदा दोनच गोष्टी असतात: छान वाटतंय आणि भॅं. मधलं सगळं आपण द्यायचं.

दोन ते तीन वर्षांत चार पुरेत: मज्जा वाटते, राग आला, भीती वाटते, रडू येतंय. तिसऱ्या वर्षानंतर मात्र हात सैल सोडा, कारण मराठीत या मालाची रेलचेल आहे. रुसणं आणि रागावणं एक नव्हे. राग कुणावरही येतो; रुसायला मात्र समोर आपलंच माणूस लागतं, ज्याने येऊन मनधरणी करावी अशी आशा असते. बागेत जायचं ठरलं आणि पाऊस आला की मूल हिरमुसतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर गेल्यावर बावरतं. चोरून साखर खाताना आजीने बघितलं की ओशाळतं. आई गावाला गेल्यावर संध्याकाळी त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मामा येणार कळल्यावर हरखतं. शब्द शिकवायला वेगळा तास लागत नाही, प्रसंग घडत असताना तो शब्द वापरला की झालं. ‘पाऊस आला आणि तू किती हिरमुसलास रे. मी पण हिरमुसले, मला भेळ खायची होती.’

इंग्रजी माध्यमातली मुलं ‘मी अँग्री आहे’ म्हणतात. म्हणू दे, त्यात चूक काहीच नाही. फक्त उत्तर देताना ‘हो का, राग आलाय?’ असं म्हणत जा. दोन्ही शब्द राहतील.

शब्दांच्या जोडीला अंग. भावना लहान मुलाला आधी शरीरात जाणवते आणि आपल्याकडे त्यालाही तयार भाषा आहे. पोटात गोळा येणं, छातीत धडधडणं, घशाशी आवंढा येणं, कान गरम होणं, हातपाय गार पडणं. जूनमध्ये शाळा सुरू होते त्या आठवड्यात रोज सकाळी निदान तीन मुलांचं पोट दुखतं. ‘काही होत नाही, नाटकं नकोत’ असं घरून ऐकून आलेली असतात. ते नाटक नसतं, पोट खरंच दुखतं. (ताप, उलटी, जुलाब असतील तर अर्थातच डॉक्टर.) मी पोटावर हात ठेवून विचारते, ‘इथे गोळा आलाय का? आई जाताना आला का?’ मान हलते. ‘आईची आठवण पोटात जाऊन बसलीये बघ.’ अकरा वाजता डबा उघडेपर्यंत बहुतेकांचा गोळा विरघळतो.

हे काही आमचं बालवाडीतलं मनोरंजन नाही. मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिल्यावर मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. मोठ्यांना फरक पडतो, तर शब्दच नसलेल्या पोराचं काय होत असेल बघा.

पायरी ३: वादळ चालू असताना

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

मूल आदळआपट करत असताना त्याला काहीही शिकवायचं नसतं. त्या वेळी त्याच्या कानात तुमचे शब्द जातात, अर्थ जात नाही. तुमचं काम दोनच गोष्टींचं: कुणाला लागू न देणं आणि स्वतः न पेटणं.

खाली बसा. डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला, पण रोखून बघायचं नाही. वाक्यं तीन-चार शब्दांची. पहिलं वाक्य भावनेचं: ‘राग आलाय. बटण तुला दाबायचं होतं.’ मग थांबा. खरंच थांबा, मनात वीस आकडे मोजा. आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपण लगेच ‘पण बाळा बघ’ सुरू करतो. त्या ‘पण’ने मागचं सगळं पुसलं जातं.

दुसरं वाक्य मर्यादेचं, तेही लहान: ‘मारायचं नाही. मी हात धरतेय.’ आणि धरायचा, दाबायचा नाही. जॉन गॉटमन यांनी १९९०च्या दशकात आईवडील आणि मुलांच्या अशा प्रसंगांचा बराच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की भावना सगळ्या चालतील, वागणं सगळं चालणार नाही. पालकांच्या सभेत हे सांगितलं की निम्म्यांना फक्त पहिला भाग ऐकू येतो (‘म्हणजे रडू द्यायचं? डोक्यावर बसेल!’) आणि उरलेल्यांना फक्त दुसरा. दोन्ही एकत्र म्हणायचे आहेत. राग येऊ दे, चावायचं नाही. बाळाचा हेवा वाटू दे. उशी त्याच्या तोंडावर टाकायची नाही.

‘का रडतोस?’ हा प्रश्न टाळा. त्याला माहीत असतं तर तो रडला नसता. त्याऐवजी अंदाज बांधून सांगा. चुकला तर मूल स्वतःच दुरुस्त करतं आणि ते फार कामाचं असतं. एकदा मी एका मुलीला म्हटलं, ‘आई गेली म्हणून रडू आलं?’ हुंदक्यातून उत्तर आलं, ‘नाही! आई हसत गेली!’ हा बारकावा मला सात जन्मांत सुचला नसता.

लिफ्टमधल्या बाबांनी काय करावं? पिशवी खाली ठेवावी. ‘बटण तुला दाबायचं होतं. मी दाबलं. राग आलाय.’ चौथा मजला आला की उचलून बाहेर घ्यावं, कारण लिफ्ट अडवून ठेवणं बरोबर नाही. काकूंना ‘हो, राग आलाय त्याला’ एवढं एक वाक्य पुरे. आणि दारापाशी थोडं रडू द्यावं. बटण परत दाबायला खाली जायचं नाही. हे पहिल्या आठवड्यात अजिबात जमणार नाही, चार लोक बघत असताना तर नाहीच.

आता माझी चूक सांगते. वर्गात एका मुलाने दुसऱ्याचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला. मी लागले मागे, ‘सॉरी म्हण. सॉरी म्हण. म्हण लवकर.’ चौथ्या वेळी तो कोऱ्या चेहऱ्याने ‘सॉरी’ म्हणाला आणि लगेच उरलेले ठोकळे पायाने उडवले. हिशेब चुकता झाला होता ना, मग? तेव्हापासून आमच्याकडे सॉरीची सक्ती बंद. त्याजागी भरपाई: मनोरा परत लावायला दोन ठोकळे आणून दे, लागलं असेल तर ओला रुमाल धर, पाणी सांडलं असेल तर फडकं आण. तीन वर्षांच्या मुलाला माफी हाताने जास्त नीट मागता येते. ‘सॉरी’ मागून आपोआप येतं, कधीकधी फडकं पिळता पिळता.

पायरी ४: सावरण्याची तालीम, पण शांत असताना

आग लागल्यावर विहीर खणू नये. सावरण्याच्या युक्त्या मूल खुशीत असताना खेळ म्हणून शिकवायच्या.

‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं की लहान मूल छाती फुगवून श्वास धरून बसतं आणि लालबुंद होतं. त्याला श्वास नको, फुंकर द्या. तळहाताची वाटी करायची, त्यात गरम गरम वरणभात आहे असं समजायचं आणि हळूच फुंकायचं, वाफ जाईल पण भात उडणार नाही इतकं हळू. लांबवर सोडलेला उच्छ्वास हाच त्यातला खरा भाग. रोज जेवायच्या आधी तीन फुंकरा. महिनाभराने राग आल्यावर नुसती हाताची वाटी पुढे केली तरी पुष्कळदा मूल आपणहून फुंकतं.

काहींना अंगाचं काम लागतं. त्यांना कणकेचा गोळा द्या, तिंबू दे. भिंत दोन्ही हातांनी ढकलू दे. झाडांना पाणी घालू दे. एका घरात मी पाट्याजवळ एक ‘रुसवा-कोपरा’ बघितला होता: जुनी गोधडी, एक उशी, कापडी हत्ती. रुसलं की तिथे जाऊन बसायचं, बोलवायला कुणी यायचं नाही आणि हाकलायचंही नाही. अट एकच, त्या कोपऱ्यात शिक्षा म्हणून कुणाला पाठवायचं नाही. एकदा शिक्षेसाठी वापरला की तो कोपरा मेला. (त्या घरातली आजीही तिथे जाऊन बसायची म्हणे, पेपर घेऊन.)

भूक आणि झोप यांबद्दल थोडक्यात. सावरण्याची कुठलीही युक्ती पेंगुळलेल्या मुलावर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट १० ते १३ तास झोप हवी आणि बसून बघायचा पडदा दिवसाला १ तासाहून जास्त नको. रात्री साडेदहाच्या लग्नाच्या पंगतीत मूल थयथयाट करत असेल तर त्याच्या भावनांचा शोध घेत बसू नका. घरी चला.

पायरी ५: गोष्ट, भातुकली आणि कट्टी

काऊचिऊची गोष्ट सगळ्यांना येते. शेणाचं घर वाहून गेलं, कावळा चिमणीच्या दाराशी आला, आणि चिमणी आतून सांगत राहिली, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती जेवण भरवायला वापरली. आता मधे थांबून विचारा: बाहेर भिजताना कावळ्याला कसं वाटत असेल? चिमणी दार का उघडत नसेल? तिला राग आलाय, की भीती वाटतेय, की खरंच काम आहे?

बरोबर उत्तर कुठलंच नाही, आणि तुम्ही ते सांगायचंही नाही. आमच्या वर्गात एकदा यावर चांगला अर्धा तास झुंपली. एका बाजूचं म्हणणं, चिमणी दुष्ट. दुसरी बाजू, तिचं बाळ लहान आहे, कावळा खाऊन टाकेल. तेवढ्यात एक मुलगी, जिच्या घरी दोनच महिन्यांपूर्वी धाकटा भाऊ आला होता, शांतपणे म्हणाली, ‘बाळाचं सगळं होईपर्यंत थांबावंच लागतं.’ मी गोष्ट तिथेच थांबवली. त्या दिवशी दुपारी तिच्या आईशी बोलले.

भातुकली म्हणजे घरातला सीसीटीव्ही. आपण कुठल्या सुरात बोलतो ते कळायला बाहुलीशी चाललेलं बोलणं पाच मिनिटं चोरून ऐका. ‘किती वेळा सांगायचं तुला? मला ऑफिसला उशीर होतोय!’ आवाजाची पट्टीसुद्धा तुमचीच असते. ऐकून शरमून जाऊ नका आणि मधे पडून खेळ सुधारायलाही जाऊ नका. हवं तर पाहुणे म्हणून जा, खोटा चहा प्या आणि विचारा, ‘बाळ का रडतंय हो तुमचं?’

पाचव्या वर्षाच्या सुमारास सापशिडी काढा. नव्व्याण्णववरून साप गिळतो तेव्हा जे होतं ते शिकायला पटाएवढी सुरक्षित जागा नाही. प्रत्येक वेळी मुद्दाम हरू नका. तुम्ही स्वतः घसरलात की मोठ्याने म्हणा, ‘अरेरे, फार खट्टू झाले मी! चला, परत एकपासून.’ मूल तुमचं तोंड बघून हरायला शिकतं.

आणि कट्टी. करंगळी पुढे करून कट्टी, थोड्या वेळाने बट्टी. भांडण जाहीर करायची आणि मिटवायची ही मुलांची स्वतःची पद्धत आहे. दोघांची कट्टी झाली की मोठी माणसं लगेच न्यायाधीश होऊन येतात. कुणाला लागत नसेल तर दहा मिनिटं येऊ नका. पकडापकडीत सगळ्यात लहानग्याला लिंबूटिंबू करतात, त्याच्यावर राज्य येत नाही. हे त्यांना कुठल्या क्लासने शिकवलं? फक्त सगळे मिळून एकट्यालाच रोज कट्टी करत असतील तर ते भांडण नव्हे. तिथे पडायचंच.

पायरी ६: स्वतःकडे

एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला एक प्रयोग आहे. आई तान्ह्या बाळाशी खेळत असते. मग ठरवून दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हातवारे करतं, आवाज काढतं. काहीच उत्तर येत नाही असं दिसल्यावर कासावीस होतं आणि तोंड फिरवतं. मग आई परत हसते आणि थोड्या वेळात दोघांचं जमतं. मोबाईलमध्ये बघणारा आपला चेहरा बाहेरून कसा दिसतो, हे एकदा आरशात बघा.

पण त्या प्रयोगाचा शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो मला. जुळतं, तुटतं, परत जुळतं. न ओरडणारे आईबाप मी अजून पाहिलेले नाहीत, आणि मी स्वतः तर नाहीच. ओरडलात की नंतर जाऊन सांगा. आपल्याकडे मुलांची माफी मागायची रीत नाही, त्यामुळे जीभ जड होते. वाक्य साधं ठेवा: ‘मघाशी मी फार जोरात ओरडले. तू घाबरलास. चुकलं माझं.’ इथे थांबा. ‘पण तू पण दूध सांडलंस ना’ हे जोडलं की माफीचं उलट खापर होतं.

पायरी ७: आजी-आजोबा आणि बाकीचे

मूल पडलं की आजी जमिनीला चापट मारते: ‘हात रे! माझ्या बाळाला लागलं!’ किंवा ‘मुंगी मेली बघ!’ जेवत नसेल तर बागुलबुवा, झोपत नसेल तर पोलीस, आणि काहीच चाललं नाही तर डॉक्टरची सुई. (मग दवाखान्यात मूल किंचाळतं तेव्हा आपल्यालाच आश्चर्य वाटतं.) यात माया खोटी नाही. पण लागलं की आधी दोषी शोधायचा, आणि ऐकवायचं तर घाबरवायचं, एवढं त्यातून पोचतं.

हे सांगायचं कसं? लेख पाठवून नाही. ‘आई, तो तुमच्या मांडीवर जितक्या लवकर शांत होतो तितका माझ्याकडे होत नाही. तो पडला ना, की जमिनीला मारण्याऐवजी नुसतं “लागलं का रे?” म्हणून घ्या ना जवळ. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल.’ हे वाक्य खुशामत नाही, खरं आहे. डोक्यावर तेल थापणारा तो हात आमच्या कुठल्याही युक्तीपेक्षा लवकर काम करतो.

‘मुलीसारखा काय रडतोस’ आणि ‘मुलीच्या जातीला एवढा राग शोभत नाही’ या दोन वाक्यांना मात्र मी घरात सूट देत नाही, कुणीही म्हटलं तरी. मुलाचं रडू आणि मुलीचा राग दाबला की ते दुसऱ्या वाटेने बाहेर येतं.

‘ही सगळी परदेशी फॅडं’ असं कुणी म्हणालंच, तर सांगा की गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं ते मार आणि धाक बाजूला ठेवूनच. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी हेच काम नेलं. शंभर वर्षं झाली त्याला.

आणि ते बशीत चॉकलेट ठेवून ‘मी येईपर्यंत खायचं नाही’ म्हणत मुलाचे व्हिडिओ काढणं थांबवा. वॉल्टर मिशेल यांच्या गाजलेल्या प्रयोगाची ती नक्कल आहे. २०१८ मध्ये जास्त मुलं घेऊन पडताळणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर ‘थांबणारं मूल पुढे यशस्वी’ हा संबंध बराच फिका पडलेला दिसला. चॉकलेट खाल्लं म्हणजे काही बिघडलं नाही.

कधी दाखवून घ्यावं

चार वर्षांनंतरही दिवसातून अनेकदा, बराच वेळ न थांबणारा थयथयाट. स्वतःचं डोकं आपटून घेणं, स्वतःला चावणं. येत असलेले शब्द नाहीसे होणं. हाकेला, हसण्याला प्रतिसादच नसणं. किंवा आधी खेळकर असलेलं मूल काही आठवडे एकदम मिटून जाणं. यातलं काहीही दिसलं तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगा. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत.

जाताना एक वही न्या. त्यात पंधरा दिवसांची नोंद: किती वाजता सुरू झालं, आधी काय चाललं होतं, मागची झोप आणि खाणं कधी झालं होतं, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं. ‘सारखाच रडतो हो’ यापेक्षा डॉक्टरांना ती पानं जास्त उपयोगी पडतात. आणि भरताना बऱ्याच आयांना आठव्या-नवव्या दिवशीच दिसतं की रोजचं वादळ साडेसहाच्या सुमारास येतंय, आणि चारनंतर पोटात काही गेलेलं नाही.